ड जीवनसत्त्व आणि स्वयंप्रतिकारक यकृतविकार

प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्याने होणाऱ्या आजारांना स्वयंप्रतिकारक यकृतविकार म्हणतात. ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये हल्ला यकृतपेशींवर होतो. प्रायमरी बिलिअरी कोलॅन्जायटिसमध्ये तो यकृतातील बारीक पित्तनलिकांवर होतो. प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलॅन्जायटिसमध्ये प्रामुख्याने मोठ्या पित्तनलिका अरुंद होत जातात, आणि हा आजार अनेकदा मोठ्या आतड्याच्या दाहासोबत आढळतो. या तिन्ही आजारांच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी असते.

ड जीवनसत्त्व हे खरे तर संप्रेरकाचे कच्चे रूप आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरणांमुळे ते त्वचेत तयार होते. यकृतात त्याचे कॅल्सिडायॉल बनते आणि मूत्रपिंडात कॅल्सिडायॉलचे कॅल्सिट्रायॉल, म्हणजे क्रियाशील रूप. कॅल्सिट्रायॉल पेशीच्या केंद्रकातील व्हीडीआर या ग्राहीला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) जाऊन मिळते. व्हीडीआर मग आरएक्सआर या दुसऱ्या ग्राहीशी जोडी करून डीएनएच्या ठरावीक जागी बसतो आणि तिथली जनुके चालू किंवा बंद करतो. हाच ड जीवनसत्त्वाचा संदेशमार्ग.

प्रतिकारपेशींच्या बाबतीत मूत्रपिंडाची मध्यस्थी अनिवार्य नाही, आणि या विषयात सर्वांत महत्त्वाचे तेच आहे. मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) आणि डेंड्रायटिक पेशी (टी पेशींना जंतूंची ओळख करून देणाऱ्या) कॅल्सिडायॉलपासून कॅल्सिट्रायॉल स्वतःच बनवतात आणि ते जागच्या जागी वापरतात. मूत्रपिंडातील उत्पादनावर पॅराथायरॉइड संप्रेरकाचे नियंत्रण असते. मॅक्रोफेजमध्ये मात्र ते जंतूंच्या खुणा आणि इंटरफेरॉन-गॅमा हे प्रतिकारपेशींचे संदेशरसायन यांमुळे वाढते. त्यामुळे या पेशींना किती कॅल्सिट्रायॉल बनवता येईल, हे रक्तातून किती कॅल्सिडायॉल मिळते यावर बरेचसे ठरते.

याचे परिणाम दोन दिशांनी होतात. एकीकडे जंतूंना मारणारे कॅथेलिसिडिन हे प्रथिन वाढते; मानवी मॅक्रोफेजमधील ही साखळी २००६ साली दाखवली गेली. दुसरीकडे दाह आवरला जातो. डेंड्रायटिक पेशी पूर्ण परिपक्व होत नाहीत, दाह भडकवणारे इंटरल्यूकिन-१२ हे संदेशरसायन कमी स्रवते, टीएच-१ आणि टीएच-१७ या आक्रमक टी पेशींचा जोर ओसरतो आणि दाह आवरणाऱ्या नियामक टी पेशींना बळ मिळते. ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये नेमका हाच तोल बिघडलेला असतो, म्हणून संशोधकांना या मार्गात एवढा रस आहे.

यकृतात व्हीडीआर सर्वत्र सारखा नसतो. मुख्य यकृतपेशींत तो फार थोडा असतो. कुप्फर पेशी (यकृतातील मॅक्रोफेज), स्टेलेट पेशी आणि पित्तनलिकांचे अस्तर यांत तो ठळकपणे आढळतो. आतड्यातून पोर्टल शिरेवाटे जंतूंचे अंश यकृतात सतत येत असतात, तेव्हा पहारा देणाऱ्या या पेशींतच तो असावा, हे अर्थपूर्ण वाटते. पित्तनलिकांच्या अस्तरात तो कॅथेलिसिडिन वाढवतो. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल हे प्रायमरी बिलिअरी कोलॅन्जायटिसवरचे मुख्य औषध तिथला व्हीडीआर वाढवते, असेही आढळले आहे. लिथोकोलिक आम्ल या पित्ताम्लालाही व्हीडीआर प्रतिसाद देतो, हे २००२ साली समजले. पित्त आणि प्रतिकार यांचे धागे इथे एकमेकांत गुंतलेले आहेत.

स्टेलेट पेशी यकृतात तंतू तयार करतात आणि त्यांतूनच पुढे सिरॉसिस, म्हणजे यकृत तंतूंनी भरून कडक होण्याचा आजार, होतो. टीजीएफ-बीटा या तंतुवाढीच्या संदेशरसायनाचा संदेश पोचवणारी स्मॅड प्रथिने तंतूंची जनुके चालू करतात. क्रियाशील झालेला व्हीडीआर त्याच जागांवर बसून स्मॅडला हटवतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत व्हीडीआर नसलेल्या उंदरांच्या यकृतात आपोआप तंतू साचले, तर व्हीडीआरला चालना देणाऱ्या कॅल्सिपोट्रिऑल या औषधाने उंदरांतील तंतूंची वाढ घटली.

उंदरांतील या निष्कर्षांवरून माणसाच्या उपचारांबद्दल घाईने काही ठरवणे धोक्याचे आहे. कॅल्सिडायॉल यकृतात बनते, त्याला रक्तात वाहून नेणारे प्रथिनही यकृतातच बनते, आणि ड जीवनसत्त्व आतड्यातून शोषले जाण्यासाठी पित्त लागते. म्हणजे यकृत बिघडले की ड जीवनसत्त्वाची पातळी आपोआप घसरते. आजार तीव्र असलेल्या रुग्णांत ती अधिक खालावलेली दिसते, पण तेवढ्यावरून कमतरतेमुळे आजार झाला असे म्हणता येत नाही. शिवाय वाहक प्रथिन घटले की एकूण कॅल्सिडायॉलची तपासणी प्रत्यक्षापेक्षा वाईट चित्र दाखवू शकते. व्हीडीआर जनुकाच्या काही प्रकारांचा या आजारांशी संबंध आढळला आहे. मात्र निरनिराळ्या लोकसमूहांत निष्कर्ष सारखे आलेले नाहीत.

सुमारे २६ हजार प्रौढांवरील व्हायटल या अमेरिकी चाचणीत रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत सुमारे पाच वर्षांत स्वयंप्रतिकारक आजार २२ टक्क्यांनी कमी आढळले. पण ही आकडेवारी सर्व स्वयंप्रतिकारक आजारांची मिळून आहे. तीवरून यकृताच्या आजारांबद्दल वेगळा निष्कर्ष निघत नाही, आणि आधीच झालेला आजार बरा होतो असेही त्यातून सिद्ध होत नाही.

ड जीवनसत्त्व देण्याचे आजचे भक्कम कारण हाडांचे आहे. प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइड दीर्घकाळ घेतल्याने हाडे ठिसूळ होतात. पित्ताचा प्रवाह अडला की मेदात विरघळणारी जीवनसत्त्वे नीट शोषली जात नाहीत. खाजेसाठी दिले जाणारे कोलेस्टिरामिन हे शोषण आणखी घटवू शकते. म्हणून पातळी तपासून कमतरता भरून काढतात. मनाने मोठे डोस घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. स्टिरॉइड किंवा प्रतिकारयंत्रणा दाबणारे अझाथायोप्रिन बंद करून त्यांच्या जागी ड जीवनसत्त्व घेणे तर अत्यंत घातक आहे, कारण औषध थांबताच ऑटोइम्यून हिपॅटायटिस पुन्हा उसळू शकतो.