ग्रंथालयीन सेवांचा कच्चा नमुना : पार्श्वभूमी

विद्यापीठीय ग्रंथालयाचा कारभार टिकाऊपणावर उभा असतो. एकदा स्वीकारलेली वर्गीकरणपद्धती अनेक दशके चालते, कारण ती बदलायची तर लाखो पुस्तकांवरची बोधांकांची (पुस्तकाची जागा दाखवणाऱ्या क्रमांकांची) लेबले बदलावी लागतात. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, असे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्येच आपल्या पाच सूत्रांपैकी पाचव्या सूत्रात सांगून ठेवले होते. तरीही एखादी सेवा आधी कच्च्या स्वरूपात चालवून पाहावी आणि फसली तर मोडावी, ही रीत तिथे उशिरा रुजली, आणि तीही यंत्रांच्या मागोमाग आली.

अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठात १९६५ साली आखलेला ‘इंट्रेक्स’ प्रकल्प या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. संगणकीय तालिका (ग्रंथसूची) प्रत्यक्ष वाचकांच्या हाती देऊन पाहावी आणि त्यासाठी अभियांत्रिकीचे एक ग्रंथालयच प्रायोगिक म्हणून सज्ज करावे, असा तो बेत होता. तपासणी मात्र मुख्यतः यंत्रणेची होती. खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याचे वागणे हाही रचनेचा भाग आहे, हे अजून कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

ती जाण ग्रंथालयाबाहेरून आली. सेवांच्या विपणनावर लिहिणाऱ्या लिन शोस्टॅक यांनी १९८४ मध्ये सेवेचाही आराखडा काढता येतो, हे बूटपॉलिशसारख्या साध्या कामाच्या उदाहरणाने दाखवले आणि ग्राहकाला दिसणारे काम व पडद्याआडचे काम यांच्यामध्ये रेघ ओढली. पुस्तक मागणारा विद्यार्थी आणि ते भांडारातून शोधून आणणारा सेवक यांच्यातील अंतर नेमके याच रेघेवर पडते. पुढच्याच वर्षी गूल्ड आणि लुईस या संगणक-संशोधकांनी वापरणाऱ्यांकडे सुरुवातीपासून लक्ष, प्रत्यक्ष मोजमाप आणि पुन्हापुन्हा दुरुस्ती ही तीन तत्त्वे मांडली. ग्रंथालयांची संकेतस्थळे पुढे कागदावर रेखाटलेल्या पडद्यांवर तपासली जाऊ लागली, त्यामागे हीच शिकवण होती.

अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाने २००४ ते २००६ या काळात मानववंशशास्त्रज्ञाच्या साहाय्याने विद्यार्थ्यांचा अभ्यास केला आणि त्यांना मनातल्या ग्रंथालयाची चित्रे काढायला लावली. विद्यार्थ्याचे वेडेवाकडे रेखाटन हाही नमुनाच असतो, ही यातली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट.

ग्रंथालयांसाठीची रचना-विचाराची (‘डिझाइन थिंकिंग’ची, म्हणजे वापरणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवून नमुने करून पाहण्याच्या पद्धतीची) मार्गदर्शिका २०१५ मध्ये आली, ती शिकागो आणि डेन्मार्कमधील ऑर्हूस येथील सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुभवावर बेतलेली होती. विद्यापीठांत ती जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण तिथली गर्दी परीक्षांच्या वेळापत्रकाने ठरते, आणि सुट्टीत निर्धोकपणे चालवून पाहिलेला मदतकक्ष सत्राच्या शेवटच्या आठवड्यातली रांग पेलेल की नाही, हे त्या प्रयोगातून कळत नाही.