पिळणारा ड्रायर आणि वाळवणारा ड्रायर

फोंड्यातल्या आमच्या सोसायटीच्या बैठकीत सामाईक ड्रायर घेण्याचा विषय निघाला, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या काकी म्हणाल्या, "ड्रायर माझ्या मशीनला आहेच की! तरी जुलैत चादर तीन दिवस ओली ती ओलीच."

काकींचं चुकलं नव्हतं. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबाला सगळे ड्रायरच म्हणतात, दुकानदारसुद्धा. पण तो टब कपडे वाळवत नाही, पिळतो. गरगर फिरवून पाणी बाहेर फेकतो, बस्स. त्यात उष्णता नसते, म्हणून विजेचा खर्चही नगण्य. पाच मिनिटांच्या फेरीला एका युनिटचा विसावा भागही लागत नाही.

खरा ड्रायर उरलेल्या पाण्याची वाफ करतो आणि खर्च तिथेच आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण दोन तृतीयांश युनिट इतकी उष्णता लागते. हा निसर्गाचा हिशोब आहे, कुठल्याही कंपनीला तो टाळता येत नाही. म्हणून जे पाणी फिरवून निघतं ते तापवून काढू नये. माझ्या मते ड्रायर निवडण्याची सुरुवात ड्रायरपासून नव्हे, कपडे पिळणाऱ्या मशीनपासून करायला हवी.

फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड मशीन बहुधा मिनिटाला ७००च्या आसपास फेरे घेतं. तेवढ्या पिळण्यानंतर पाच किलो सुती कपड्यांत साडेतीन लिटर किंवा जास्तच पाणी राहतं. चांगलं फ्रंट लोड १४०० फेऱ्यांवर ते अडीच लिटरच्या जवळ आणतं. म्हणजे प्रत्येक धुण्यामागे एक लिटर पाणी जवळजवळ फुकटात गेलं. काकींच्या जुन्या मशीनचा पिळायचा टबही साधारण १३०० फेरे घेतो, त्यामुळे ते भंगारात काढायची घाई करू नये. फ्रंट लोड असलेल्यांनी मात्र एकदा पिळण्याच्या वेगाचं बटण तपासावं. कितीतरी घरांत ते कायम ८००वर असतं.

आता वाळवणाऱ्यांतही दोन जाती आहेत आणि बाहेरून त्या ओळखू येत नाहीत. साधा कंडेन्सर ड्रायर हीटरने हवा तापवतो आणि ती उष्णता शेवटी खोलीत सोडून देतो. पावसाळ्यात बंद खोलीत ते सोसवत नाही. हीट पंप ड्रायरमध्ये एसीसारखाच कॉम्प्रेसर असतो. दमट हवा थंड नळ्यांवरून जाते, पाणी टाकीत गळतं आणि त्यातून सुटलेली उष्णता पुन्हा त्याच हवेला मिळते. वीज निम्म्याहून कमी लागते. वेळ जास्त लागतो, किंमतही जास्त. पण हवा कमी तापते, म्हणून कपडे जास्त टिकतात.

एकट्या घराने हीट पंप ड्रायर घ्यावा का? गोव्यात मला तरी पटत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत ऊन फुकट असतं आणि दोरीइतकी काटकसर कुठलंच यंत्र करत नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी एवढी रक्कम अडकवायची तर ती सोळा कुटुंबांत वाटलेली बरी. शिवाय सामाईक मशीन रोज चालतं, त्यामुळे वीज वाचून जादा किंमत लवकर वसूल होते. अट एकच: कपड्यांचे लोकरीसारखे धागे जिथे साचतात ती जाळी प्रत्येक फेरीनंतर साफ करायची. ती तुंबली की हवा फिरत नाही, वेळ आणि वीज दोन्ही वाढतात.

आम्ही तळमजल्याच्या खोलीत १४०० फेऱ्यांचं एक फ्रंट लोड आणि एक हीट पंप ड्रायर घ्यायचं ठरवलं. दोन्हींना वेगळा सबमीटर, वापरेल त्याने युनिटप्रमाणे भरायचं. ज्यांचं घरचं मशीन ७००चं आहे त्यांनी कपडे आधी इथे नुसते पिळून घ्यायचे, मगच ड्रायरमध्ये घालायचे. चवथीच्या आधी पडदे आणि चादरी एकदम निघतात, त्या आठवड्याची पाळी काकींनीच वहीत लिहायला घेतली आहे.