गिझर चालू होत नाही? आम्हाला बोलावण्याआधी एवढे बघा

निफाडचा पारा उतरल्याची बातमी पेपरात आली की त्या दिवशी सकाळी सहापासून आमचा फोन वाजायला लागतो. नरक चतुर्दशीला तर पाचपासूनच. अंगाला तेल-उटणे लावून बसलेल्या माणसाला "दुपारपर्यंत येतो" असे सांगणे जिवावर येते, पण सणाच्या दिवशी आमच्याकडे माणसे मोजकीच असतात. त्यातही पुष्कळदा आम्ही धावत जातो, एक खटका वर करतो किंवा दोन सेल बदलतो आणि व्हिजिटचे पैसे मागतो. ते घेताना आम्हालाही अवघडल्यासारखे होते. म्हणून हे पत्रक. बाथरूमबाहेर, सगळ्यांना दिसेल अशा जागी चिकटवून ठेवा.

एक आधीच सांगतो. गिझर वॉरंटीत असेल तर पहिला फोन आम्हाला नको, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला करा. आम्ही झाकण उघडले की तुमची वॉरंटी जाऊ शकते.

टाकीवाला विजेचा गिझर

"गिझर बंद आहे" या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी असतात. दिवाच लागत नाही, दिवा लागतो पण पाणी तापत नाही, किंवा पाणी तापते पण नळाला येत नाही. आपली कोणती ते आधी ठरवा, अर्धे काम तिथेच होते.

बऱ्याच गिझरवर दोन दिवे असतात. एक वीज आली हे सांगतो, दुसरा पाणी तापत असेपर्यंतच जळतो. पाणी पुरेसे तापले की दुसरा विझतो. तो विझला म्हणून गिझर बिघडला असे समजून आम्हाला बोलावणारे दर हिवाळ्यात भेटतात. आधी गरम पाण्याचा नळ सोडून बघा.

दिवाच नसेल तर घरातल्या मेन बोर्डाकडे जा. गिझरचा एमसीबी, म्हणजे प्रमाणाबाहेर करंट गेला की आपोआप पडणारा खटका, पडला असेल. पडलेला खटका कधीकधी मध्येच अडकतो आणि लांबून चालू असल्यासारखा दिसतो. तो पूर्ण खाली ओढून मग वर करा. एकदाच. पुन्हा पडला तर दुसऱ्यांदा वर करू नका, कारण तो तुम्हाला काहीतरी सांगतो आहे. एमसीबीऐवजी सगळ्या घराचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) पडत असेल तर गिझरचे बटण बंद करून ईएलसीबी वर करा. आता तो टिकला आणि गिझर लावताच पुन्हा पडला, तर गिझरमधून करंट गळतो आहे. बहुतेक वेळा पाणी तापवणाऱ्या कॉइलचे बाहेरचे आवरण क्षारांमुळे तडकलेले असते. गिझर बंद ठेवून बाकीचे घर चालवा आणि आम्हाला कळवा. "दोन दिवसांपुरते ईएलसीबी वगळून डायरेक्ट करून द्या" ही विनंती मात्र आम्ही ऐकणार नाही. ईएलसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडतो, तो तुमच्या जिवासाठी.

खटके वर आहेत, तरी दिवा नाही? मग पिन आणि सॉकेट बघा, पण एमसीबी खाली करून आणि कोरड्या हातांनी. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर खेचतो. त्याला १६ अँपिअरची जाड तीन पिनांचीच जोडणी लागते. पिन सैल बसली की तिथे ठिणग्या उडतात, प्लास्टिक काळे पडते, जळका वास येतो आणि एक दिवस संपर्कच तुटतो. असे सॉकेट पिन फिरवून, दाबून चालू करू नका, बदलूनच घ्या. आणि गिझर एक्स्टेन्शन बोर्डावर चालवणाऱ्यांना हात जोडून सांगतो, आजच थांबवा.

सॉकेटपर्यंत सगळे ठीक असेल तर आतला कटआउट उडाला असण्याची शक्यता मोठी. पाणी प्रमाणाबाहेर तापले की वीज तोडणारा हा शेवटचा पहारेकरी. अनेक मॉडेलमध्ये झाकणाखाली एक छोटे बटण असते, ते दाबले की गिझर पुन्हा सुरू होतो. मोबाइलवर व्हिडिओ बघून हे करणारे हौशी गृहस्थ आम्हाला माहीत आहेत. कृपया करू नका. झाकणाखाली विजेच्या उघड्या जोडण्या असतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कटआउट उगाच उडत नाही. थर्मोस्टॅट (पाणी पुरेसे तापले की कॉइल बंद करणारा स्विच) चिकटलेला असतो, किंवा टाकीत पाणी नसताना बटण लावलेले असते, किंवा कॉइलवर क्षारांचा थर चढलेला असतो. कारण न शोधता बटण दाबले तर पुढच्या वेळी काय उडेल याची खात्री आम्ही देऊ शकत नाही.

दिवा आहे पण पाणी गार असेल तर आधी घड्याळ बघा. १५ लिटरच्या टाकीतले २० अंशांचे पाणी ६० अंशांवर न्यायला २००० वॉटच्या कॉइलला सुमारे २१ मिनिटे लागतात, २५ लिटरला ३५. बटण लावून पाचव्या मिनिटाला नळ सोडला तर गारच येणार. मळ्यात राहणाऱ्यांनी व्होल्टेजही बघावे. पहाटे पंप सुरू असताना ते १८० वर आले तर २००० वॉटची कॉइल जेमतेम १२२५ वॉट देते, आणि २१ मिनिटांचे काम ३४ मिनिटांवर जाते. यात गिझरचा काही दोष नाही. पण पूर्वी अर्ध्या तासात होणारे पाणी आता तासाभरानेही कोमट राहते आणि टाकीतून खदखदल्यासारखा, दाणे भाजल्यासारखा आवाज येतो, तर मात्र कॉइलवर पांढरा थर चढला आहे. बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्यांकडे हे फार लवकर होते. वर्षातून एकदा दिवाळीच्या आधी टाकी साफ करून घ्या. त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची कांडी तपासली जाते. ही कांडी टाकीऐवजी स्वतः झिजते; ती संपली की पाणी टाकीचा पत्रा खायला लागते.

राहिली तिसरी तक्रार. टाकीत पाणी तापले आहे, नळाला येत नाही. टाकीतून गरम पाणी बाहेर नेणारी नळी वरच्या टोकाला उघडते, आणि गार पाणी खालून आत येते. खालून गार पाणी ढकलले गेले तरच वरचे गरम पाणी बाहेर पडते. म्हणजे गच्चीवरची टाकी रिकामी असेल किंवा गिझरखालचा कॉक बंद असेल, तर काठोकाठ भरलेल्या गिझरमधूनही थेंब येणार नाही. सोसायटीची टाकी धुतल्याच्या दिवशी अशा तक्रारींचा पाऊस पडतो. पाणी येते पण गारच येते आणि गिझरमधून बाहेर येणारा पाइप मात्र गरम लागतो, असे असेल तर दोष गरम-गार पाणी मिसळणाऱ्या नळात, म्हणजे मिक्सरमध्ये आहे, प्लंबरला बोलवा. पाइपला हात लावताना जपून, आणि बटण बंद करून.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून चार थेंब टपकतात, ते टपकू द्या. तापलेले पाणी फुगते, त्याला वाट हवी. तिथे बूच मारलेले आम्ही पाहिले आहे. तो गिझर नव्हे, प्रेशर कुकर झाला होता.

नळाला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर हे सगळे वाचत बसू नका. मेन बंद करा, नळाला कोणी हात लावू नये असे घरात सांगा आणि आम्हाला फोन करा. रात्रीचे अकरा वाजले असले तरी करा. अर्थिंग तुटलेले असते किंवा कधी जोडलेलेच नसते. अर्थिंग उत्तम असले तरी अंघोळीआधी बटण बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

गॅसचा गिझर

इथे पहिला संशयित नेहमी सेल. नळ सोडल्यावर टिकटिक ऐकू येते का? येत नसेल तर खालच्या डबीतले दोन जाडे सेल बदला, दोन्ही एकदम, आणि अधिक-उणे बघून. घड्याळातून काढलेले जुने सेल चालत नाहीत. डबीतल्या पट्टीवर हिरवा गंज असेल तर कोरड्या कापडाने घासा.

सेल नवे, तरी टिकटिक नाही? मग पाण्याचे प्रेशर कमी आहे. गॅसच्या गिझरमध्ये वाहत्या पाण्याच्या दाबाने एक रबरी पडदा सरकतो आणि तोच स्विच दाबतो. उंचीच्या दर मीटरला पाण्याचा दाब फक्त ०.१ बार वाढतो. म्हणून तळमजल्यावर झकास चालणारा गिझर गच्चीच्या टाकीखालच्या शेवटच्या मजल्यावर रुसतो. गिझर बदलून उपयोग नाही. टाकी उंच करा किंवा छोटा प्रेशर पंप बसवा. त्याआधी पाणी आत येते तिथली जाळी काढून धुवा, तिच्यात वाळू अडकते. शॉवरच्या छिद्रांतले क्षारही काढा. आणखी एक गंमत: पाणी फार कढत म्हणून मिक्सरमधून भरपूर गार पाणी सोडले की गिझरमधून जाणारा प्रवाह कमी होतो आणि तो विझतो. अशा वेळी गार पाणी न वाढवता गिझरचाच गॅसचा नॉब कमी करा.

टिकटिक होते पण ज्योत नाही, तर गॅस पोहोचत नाही. रेग्युलेटर चालू आहे का, सिलिंडर संपत आला आहे का ते बघा. "शेगडी तर पेटते" हे उत्तर पुरेसे नाही, गिझरला शेगडीच्या एका बर्नरच्या कितीतरी पट गॅस लागतो. तळाला आलेल्या सिलिंडरवर चहा होतो, अंघोळ होत नाही. नुकताच पाइप गॅस घेतलेल्यांनी जुना एलपीजीचा गिझर तसाच जोडू नये. दोन्ही गॅसचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक छिद्रे, वेगळे असतात. दर वीस मिनिटांनी गिझर आपोआप विझत असेल तर तो बहुतेक टायमर आहे. नळ बंद करून पुन्हा सोडा.

गॅसचा वास आला तर काही तपासू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या-दारे उघडा, दिव्याच्या किंवा पंख्याच्या बटणाला हात लावू नका, घराबाहेर येऊन १९०६ या नंबरला फोन करा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो.

आणि ज्याला वास नाही, त्याची भीती जास्त. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर जळताना ऑक्सिजन संपतो, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि माणूस डोके जड होऊन तिथेच बसतो. दार आतून बंद असते. म्हणून आमचा नियम आहे: बाथरूमच्या आत बसवलेला गॅस गिझर आम्ही दुरुस्त करत नाही. आधी तो बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी घेऊ, मग चालू करू. यावरून काही ग्राहक रागावून दुसरीकडे गेले, त्याला आमची तयारी आहे.

गच्चीवरचा सोलर

ढग होते का, आणि काल रात्री कोणी सगळे गरम पाणी संपवले का, हे दोन प्रश्न आधी घरात विचारा. ऊन असूनही पाणी गार असेल तर गच्चीवर जाऊन फुटलेली काचेची नळी, धुळीचा थर किंवा गळती दिसते का बघा. भर उन्हात नळीला हात लावू नका. पाणीच येत नसेल तर पाइपात हवा अडकली असेल. ती आम्ही येऊन काढतो.

नवा किंवा बंद ठेवलेला गिझर

उन्हाळाभर बंद असलेला गिझर लावण्याआधी गरम पाण्याचा नळ सोडा आणि सलग, फुसफुस न करता धार येईपर्यंत थांबा. मगच बटण. कोरडी कॉइल काही मिनिटांत जळते आणि तिला वॉरंटी मिळेल याची आशा धरू नका.

फोन करताना

गिझरच्या अंगावरच्या लेबलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणजे कोणती कॉइल आणायची ते कळते आणि दोन फेऱ्या वाचतात. किती दिवे लागतात, एमसीबी पडतो की ईएलसीबी, लगेच पडतो की थोड्या वेळाने, पाणी बोअरचे की महापालिकेचे, आणि तुम्ही कितव्या मजल्यावर राहता, एवढे लिहा. गॅसचा असेल तर नळ सोडून टिकटिकीचा दहा सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला तरी चालेल. आमचा नंबर तुमच्या बिलावर आहे. दिवाळीच्या आठवड्यात सर्व्हिसिंगची वेळ मिळणार नाही, कोजागरीच्या आत सांगा.