विमानातल्या कॉफीची पार्श्वभूमी: टाकी, पुडी आणि ९२ अंश

विमानातली कॉफी बेचव का, असे विचारले की एक उत्तर हमखास मिळते: वर हवेचा दाब कमी असतो, पाणी शंभर अंशांपर्यंत तापत नाही, म्हणून कॉफी उतरत नाही. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाशी ते जुळते, त्यामुळे पुढे कुणी विचारत नाही. केबिनमधला दाब फार तर ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका खाली येऊ देतात आणि तिथे पाणी साधारण ९२ अंश सेल्सिअसला उकळते. पण कॉफीला ९० ते ९६ अंशांचेच पाणी लागते. घाटा होतो तो चहाचा, कारण त्याला खळखळ उकळी हवी. उटी समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरच्या वर आहे. कॉफीचे माहेर मानल्या जाणाऱ्या इथिओपियाची राजधानी तर त्याहून उंचावर, जवळजवळ केबिनच्याच पातळीला. तिथल्या कॉफीला उंचीमुळे कुणी नावे ठेवल्याचे ऐकिवात नाही. गेल्या दीड दशकात आलेल्या काही नव्या लांब पल्ल्याच्या विमानांत हा दाब ६,००० फुटांच्या पातळीवर राखतात, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जरा वर. तिथेही कॉफी तशीच लागते.

तेव्हा कारण शोधायचे तर जमिनीवर शोधावे लागते. थोडे मागे जाऊन.

सुरुवातीचा काळ झटक्यात सांगून होतो. १९१९ मध्ये लंडन-पॅरिस मार्गावर प्रवाशांना खाण्याचे डबे विकले गेले. १९३० च्या दशकात कॉफी खालीच करून थर्मासमधून वर नेत. पुढे विमानांत छोटी स्वयंपाकघरे आली, मग दाब राखलेल्या केबिन आल्या, मग जेट. त्या काळात भाडी बांधून दिलेली असत, म्हणून कंपन्यांची चढाओढ ताटातल्या पदार्थांवर चाले. १९५८ मध्ये तर अटलांटिकवरच्या स्वस्त वर्गात ‘सँडविच’ कशाला म्हणायचे यावरून कंपन्यांत आंतरराष्ट्रीय भांडण झाले. कॉफी कशाला म्हणायचे, हे मात्र कुणी विचारले नाही. विचारायला हवे होते.

आपल्याकडची एक आठवण इथेच नोंदवतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या आंतरराष्ट्रीय विमानकंपनीचे अध्यक्ष युरोपच्या फेरीवरून परतले की व्यवस्थापकांना बारीकसारीक टिपणे पाठवत. एका टिपणात त्यांनी लिहिले होते की जिनिव्हाहून विमानात चढवलेल्या चहाचा रंग कॉफीपासून वेगळा ओळखू येत नाही. दोष पत्तीचा की जास्त वेळ मुरवण्याचा, हे तिथल्या अधिकाऱ्याने बघावे. अध्यक्ष कोण, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मुद्दा असा की चव जिनिव्हाच्या जमिनीवर बिघडली, हे त्यांना तेव्हाच दिसले होते.

आता पाणी. कपातल्या कॉफीत ९८ टक्के तेच असते, आणि या सगळ्या इतिहासात सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरणही तेच.

विमानाच्या पोटात पिण्याच्या पाण्याची टाकी असते. देशांतर्गत मार्गांवरच्या नेहमीच्या, आसनांमधून एकच वाट असलेल्या विमानात ती साधारण २०० लिटरची. विमानतळावर टँकर येतो, नळी जोडतो, टाकी भरतो. त्याच टाकीतून गॅलीतल्या, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरातल्या, कॉफी यंत्राला पाणी जाते आणि स्वच्छतागृहातल्या बेसिनलाही. टाकी भरणारा टँकर, त्याची नळी, नळीचे तोंड, विमानाच्या आतले पाइप अशा चार-पाच टप्प्यांतून पाणी जाते आणि प्रत्येक टप्प्याचा मालक वेगळा.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या एका आर्थिक दैनिकाने १४ विमानप्रवासांत नळाचे पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत दिले. अहवाल वाचवेना असा आला. गदारोळ झाला. मग २००४ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने स्वतः नमुने घेतले. पहिल्या फेरीत १५८ विमाने तपासली. त्यांतल्या २० मध्ये, म्हणजे १२.६ टक्के विमानांत, कोलिफॉर्म जिवाणू सापडले. वर्षअखेरच्या दुसऱ्या फेरीत १६९ विमानांपैकी १७.२ टक्के. दोन्ही मिळून ३२७ विमानांत १५ टक्के. इंटरनेटवर आजही फिरणारा ‘विमानातली कॉफी पिऊ नका’ हा सल्ला मुख्यतः या आकड्यांवर उभा आहे.

पण आकडा वाचताना लोक एक गोष्ट गिळून टाकतात. कोलिफॉर्म हे सूचक जिवाणू आहेत. ते माती, पाने, पाइप कुठेही असू शकतात. ते सापडले म्हणजे पाणी कुठेतरी उघडे पडले, एवढेच कळते. विष्ठेशी संबंध सांगणारा ई. कोलाय हा त्यांच्यातला वेगळा, आणि पहिल्या फेरीत तो फक्त दोन विमानांत निघाला. कंपन्यांनी हेच धरून ठेवले: आम्ही शहराचेच पाणी भरतो, शहरातही नमुने नापास होतात. खात्याने उलट सल्ला दिला, की ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी बाटलीबंद पेय मागावे आणि बाटलीतल्या पाण्याचा नसेल तर चहा-कॉफीही टाळावी. मला दोघांचेही अर्धे पटते. पाणी यंत्रात ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापत असेल तर कोलिफॉर्म टिकणे कठीण. पण यंत्र घाईत असते आणि ते नेहमी तितके तापवते, याची खात्री गॅलीत उभ्या असलेल्या माणसालाही नसते.

खरा तिढा मात्र शब्दाचा होता. अमेरिकेत १९७४ चा पिण्याच्या पाण्याचा कायदा आहे. त्या कायद्याच्या नजरेत किमान २५ माणसांना नियमित पाणी देणारी कुठलीही व्यवस्था ही ‘सार्वजनिक पाणीपुरवठा योजना’. त्या व्याख्येत विमान चपखल बसले. एवढेच नव्हे, त्याची पोटजात ठरली ती वाटसरूंच्या योजनेची, म्हणजे महामार्गावरचा पेट्रोल पंप किंवा तंबू ठोकायचे मैदान जिच्यात येते ती. कायद्यासाठी ३५,००० फुटांवरून ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान आणि रस्त्याकडेचा हातपंप एकच.

हसू येते, पण परिणाम गंभीर झाले. त्या कायद्यातले नियम एका जागी स्थिर असलेल्या विहिरीसाठी होते. पाण्याचा स्रोत तोच, चाचणी ठरलेल्या दिवशी, निकाल नापास आला की फेरचाचणी लगेच. विमान सकाळी एका शहरात पाणी भरते, दुपारी दुसऱ्यात, रात्री तिसऱ्या देशात. नापास नमुन्याचा अहवाल हाती येईपर्यंत ते पाणी पिऊन झालेले, उरलेले ओतून दिलेले आणि टाकी तीनदा भरलेली. जबाबदार कोण? कंपन्या म्हणत, स्रोत आमचा नाही. विमानतळ म्हणत, आमचे पाणी टँकरच्या नळापर्यंत स्वच्छ होते. खाते म्हणे, व्याख्येप्रमाणे योजनाचालक तुम्हीच. मध्ये काही वर्षे कंपन्यांशी एकेकटे करार करून काम भागवले गेले.

शेवटी ऑक्टोबर २००९ मध्ये खास विमानांसाठी नियम निघाला आणि दोन वर्षांनी, २०११ मध्ये लागू झाला. त्याची रचना तडजोडीची आहे. टाकी वर्षातून चारदा निर्जंतुक करून धुतलीत तर नमुना वर्षातून एकदाच. एकदाच धुतलीत तर नमुना दरमहा. मधले पर्यायही आहेत. धुणे आणि तपासणे यांची अशी अदलाबदल मान्य करण्यावर तेव्हा टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते: न तपासलेली पण धुतलेली टाकी स्वच्छ असेलच, हे गृहीत धरण्यासारखे नाही. ई. कोलाय निघाला तर चोवीस तासांत पाणी बंद, आणि नळ बंद करता येत नसेल तर केबिन क्रूला ताकीद, की या पाण्याची कॉफी करू नका. कॉफीचा उल्लेख आला तो असा, करू नका म्हणून.

निर्जंतुकीकरण क्लोरीनसारख्या रसायनाने होते. नीट खळाळून टाकी रिकामी केली नाही, तर पुढच्या फेरीच्या कॉफीला जलतरण तलावाचा हलका वास येऊ शकतो. शिवाय जड पाण्याचे क्षार यंत्रात साचतात. आरोग्याची भीती सोडा, चवीवर परिणाम करायला एवढे पुरते.

जीभ आणि नाक यांचाही विचार याच सुमारास झाला. २०१० च्या सुमारास जर्मनीत होल्झकिर्शन इथे जुन्या विमानाचा सांगाडा कमी दाबाच्या खोलीत ठेवून चवीचे प्रयोग झाले. कमी दाब आणि कोरडी हवा असताना खारट आणि गोड चव मंद लागते, कडू-आंबट फारसे घटत नाही. केबिनमधली आर्द्रता बऱ्याचदा २० टक्क्यांच्या खाली असते; नाक सुकते, आणि कॉफीची निम्मी मजा नाकात असते. म्हणजे कॉफीतला कडवटपणा शाबूत राहतो, त्याला सावरणारा गोडवा आणि सुगंध उडतो. पाणी ९२ अंशांना उकळते यापेक्षा हे कारण कितीतरी मोठे आहे.

मग पुडी. विमानातल्या यंत्रात दळलेल्या कॉफीच्या गाळण-पिशव्या, छोट्या उश्यांसारख्या, टाकतात. दोन-चार मिनिटांत कॉफीचा जग भरतो. १९९६ मध्ये एका मोठ्या अमेरिकी कंपनीने सिएटलच्या नामांकित साखळीची कॉफी आणली, वीस वर्षांनी तीच कंपनी इटलीतल्या ब्रँडकडे वळली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका कंपनीने उंचीवरची चव धरून वेगळी भाजणी करून घेतली. जाहिरात दरवेळी बियांची आणि भाजणीची. टाकीतल्या पाण्याची जाहिरात अजून कुणी केलेली नाही.

आपल्याकडे गोष्ट निराळी वळली. ऑगस्ट २००३ मध्ये पहिली स्वस्त विमानसेवा सुरू झाली आणि ‘फुकट खाणे’ ही कल्पनाच बाजूला पडली. विमान जमिनीवर अर्धा तास थांबणार, तेवढ्यात सफाई आणि भरणा. प्रत्येक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, म्हणजे इंधन. अशा हिशेबात कॉफी यंत्र, जग आणि गाळण-पिशव्या टिकणे अवघड होते. कागदी कप, गरम पाणी आणि इन्स्टंटची पुडी हीच बहुतेक देशांतर्गत उड्डाणांची कॉफी झाली. दक्षिणेकडचे सहप्रवासी ती हातात घेताना जो चेहरा करतात तो वर्णन करण्यासारखा असतो.

‘कॉफी’ म्हणजे काय, हा न विचारलेला प्रश्न इथे परत येतो. आपल्या अन्न नियमांप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि दोन्हींचे प्रमाण वेष्टनावर छापायला हवे. म्हणजे उरलेली ४९ टक्के चिकोरी असली तरी कायद्याची हरकत नाही. प्रीमिक्स असेल तर त्यात साखर आणि दूध भुकटीही आली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, तेव्हा पुडी उलटी करून पहिला शब्द वाचावा. तो साखर असला तर आपण काय पितो आहोत ते कळते.

महासाथीत हेही थांबले. २५ मे २०२० ला देशांतर्गत उड्डाणे परत सुरू झाली तेव्हा खाणेपिणे बंद होते. ऑगस्टअखेरीस परवानगी मिळाली. एप्रिल २०२१ मध्ये दोन तासांहून कमी अंतराच्या उड्डाणांवर पुन्हा बंदी आली आणि नोव्हेंबरमध्ये उठली. मुंबई-पुण्याकडचे बरेच प्रवास या दोन तासांच्या आतले. त्या सात महिन्यांत त्यांवर कॉफीच नव्हती, आणि तिच्या चवीबद्दल तक्रारही.

राहिला २००९ च्या नियमाचा एक कोपरा. तो अमेरिकी कंपन्यांच्या विमानांना लागू आहे, परदेशी कंपन्यांच्या नाही. भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या दोन विमानांत, एक तिथल्या कंपनीचे आणि एक इथल्या, तुमच्या कपातले पाणी एकाच विमानतळावर भरलेले असू शकते. पहिले विमान त्या कायद्यानुसार पाणीपुरवठा योजना आहे, दुसरे नुसते विमान.