सत्तरीच्या पुढच्यांचं आयुष्मान कार्ड : दवाखान्याची वेळ यायच्या आधीच काढा

घरात आई-वडील, सासू-सासरे कुणाला सत्तर पूर्ण झालेत का? मग त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. 29 ऑक्टोबर 2024 ला ही सोय चालू झाली आणि यात उत्पन्नाची अटच नाही, सूतगिरणीत राबलेला असू दे नाहीतर बंगलेवाला, ॲडमिट होऊन घ्यायच्या उपचाराला वर्षाला 5 लाखापर्यंत पैसे भरायला लागत नाहीत. जुना आजार असला तरी चालतो. पण नवरा-बायको दोघं सत्तरीचे असतील तर 5 लाख दोघांत मिळून, प्रत्येकी नाही.

कागद म्हणाल तर आधार कार्ड बास, वय त्याच्यावरचंच धरतात, म्हणून जन्मतारीख चुकली असेल तर आधी ती दुरुस्त करा. अर्ज आयुष्मान ॲपवर घरीच होतो. आमच्या आईनं जन्मभर विड्या वळल्या, अंगठ्याच्या रेघाच राहिल्या नाहीत ओ, मशीनवर अंगठा लागेना म्हणून दोनदा परत यायला लागलं, मग कुणीतरी सांगितलं की ओटीपीनं नाहीतर चेहरा दाखवूनपण होतं. सोलापूरच्या पूर्व भागात, विडी घरकुलात असे अंगठे घरोघरी आहेत, म्हणून आधारला मोबाईल नंबर लिंक आहे का ते पहिलं बघा.

सत्तरीच्या आतल्यांना महात्मा फुले जन आरोग्य योजना. 2012 ला ही राजीव गांधी जीवनदायी नावानं चालू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं सोलापूर होतं. आधी दीड लाख होते, आता 5 लाख, आणि पांढरं रेशन कार्डपण चालतं. रेशन कार्ड आणि फोटोचं ओळखपत्र न्यायचं, दोन्हीवर नाव सारखं पाहिजे.

आता खटकणारी गोष्ट. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, ओपीडीची फी यात बसत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाचा महिन्याचा खरा खर्च तोच असतो. शिवाय योजनेतल्या दवाखान्यात प्रत्येक आजाराचं ऑपरेशन होतंच असं नाही, म्हणून ॲडमिट व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघायला दवाखान्यात बसलेल्या माणसाला गाठून आपला आजार बसतो का आणि मंजुरी आली का ते विचारा. डिपॉझिट मागितलं तर भरायच्या आधी 14555 ला फोन लावा, फुले योजनेसाठी 155388.