टॅपवरची आमची हलकी बिअर : ग्लास लहान का, आणि चव कशी घ्यावी

पहिल्यांदा येणारे बरेच जण हा २०० मिलीचा उंच, सरळ ग्लास बघून विचारतात, "एवढासाच?" म्हणून हे पत्रक टेबलावर ठेवलंय.

ही बिअर आम्ही जर्मनीतल्या कोलोन शहराच्या पद्धतीने बनवतो. तिथे तिला कोल्श म्हणतात. फलकावर आम्ही ते नाव लिहीत नाही, कारण त्यावर हक्क तिथल्या ब्रुअरींचा आहे. १९८६ मध्ये त्यांनी आपसात करार केला आणि १९९७ मध्ये युरोपीय संघाने नावाला संरक्षण दिलं. आपल्या नागपूरच्या संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे, तसंच हे.

ग्लासही तिथलाच. हलकी बिअर गरम झाली की लगेच मलूल होते. मोठ्या मगातला शेवटचा तिसरा हिस्सा पुण्याच्या एप्रिलमध्ये कसा लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. लहान ग्लास थंड असतानाच संपतो आणि पुढचा ताजा येतो. कोलोनमध्ये वेटर न विचारता भरलेला ग्लास ठेवतो आणि कोस्टरवर, म्हणजे ग्लासखालच्या चकतीवर, पेन्सिलने रेघ ओढतो. नको असेल तर कोस्टर ग्लासवर झाकायचं. आम्ही मात्र विचारूनच भरतो.

आता चव. ग्लास उजेडासमोर धरा. रंग वाळलेल्या गवतासारखा, आरपार दिसेल इतका स्वच्छ. वर दोन बोटं फेस हवाच. "फेस कमी करा" असं कृपया सांगू नका, वास त्यातूनच वर येतो. पहिला वास ताज्या पावाच्या आतल्या मऊ भागाचा. मग अगदी पुसट नासपती. हे फळ आम्ही घातलेलं नाही. एल नावाच्या बिअर-प्रकाराचं यीस्ट उबेत काम करताना तो गंध तयार करतं, आणि नंतर काही आठवडे शून्याच्या आसपास थंडीत ठेवल्यावर बाकीचं सगळं निवळतं. पहिला घोट तोंडभर घ्या. सुरुवातीला माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, हलका गोडवा, मागून हॉप्सच्या फुलांचा सौम्य कडवटपणा, आणि गिळल्यावर जीभ कोरडी, स्वच्छ. अल्कोहोल सुमारे ४.८ टक्के.

"पाणचट आहे" असं कुणी म्हटलं की आम्हाला मनापासून वाईट वाटतं. गडद, कडक बिअरमध्ये बारीकसारीक चुका झाकल्या जातात. इथे झाकायला काहीच नाही. म्हणून पहिला ग्लास मसाला पापडाबरोबर घेऊ नका. साधे खारे दाणे पुरेत. बोंबील फ्राय दुसऱ्या ग्लासाबरोबर, तेव्हा मात्र जरूर.

तुमची एक मदत हवी आहे. लोण्यासारखा किंवा उकडलेल्या मक्याचा वास आला, तर चूक बिअर बनवतानाची असू शकते. आंबूस, व्हिनेगरसारखं लागलं, तर बहुधा टॅपची नळी नीट धुतलेली नाही. आम्ही ती दर दोन आठवड्यांनी धुतो, तरी चूक होऊ शकते. ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले, तर ग्लास तेलकट राहिलाय. यातलं काहीही दिसलं तर ग्लास परत द्या. पैसे लागणार नाहीत, आणि बिअरचं ते पिंप (केग) आम्ही त्याच वेळी तपासू.

वय २१ पूर्ण नसेल तर बिअर मिळणार नाही. गाडी आणली असेल तर काउंटरवर सांगा, रिक्षा बोलावून देतो.