होलाशोवित्से : दोनदा ओस पडलेल्या गावाची पार्श्वभूमी

चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण बोहेमिया प्रांतात, चेस्के बुद्येयोवित्से या शहराच्या पश्चिमेला सुमारे 15 किलोमीटरवर होलाशोवित्से हे जेमतेम दीडशे वस्तीचे गाव आहे. दक्षिणेकडे ब्लान्स्की लेसच्या डोंगररांगा आणि त्यांतले 1084 मीटर उंचीचे क्लेत्य हे शिखर आहे. या गावात किल्ला नाही, राजवाडा नाही, मोठे चर्चही नाही. तरीही 1998 साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्याचे कारण गावाच्या आखणीत आणि त्याहूनही अधिक त्याच्या इतिहासात आहे.

गावाचा पहिला लेखी उल्लेख 1263 सालचा आहे. 1292 मध्ये बोहेमियाचा राजा दुसरा वेन्सेस्लास याने ते विश्शी ब्रोद येथील सिस्टर्सियन (कॅथलिक संन्याशांच्या एका पंथाच्या) मठाला दान दिले आणि 1848 पर्यंत मठाचीच त्यावर मालकी राहिली. 1520 ते 1525 या काळात प्लेगने गाव असे झोडपले की अवघी दोन माणसे वाचली, असे सांगितले जाते. त्या साथीची आठवण म्हणून उभारलेला स्तंभ गावाच्या उत्तर भागात आहे. जमीन पडीक राहणे मठाला परवडणारे नव्हते, म्हणून त्याने बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून शेतकरी आणून वसवले. तेव्हापासून गाव प्रामुख्याने जर्मनभाषक झाले. 1895 मध्ये येथे 157 जर्मन आणि केवळ 19 चेक रहिवासी होते. माणसे बदलली, पण मध्ययुगीन आखणी मात्र नव्या लोकांनी मोडली नाही.

ती आखणी आजही पाहताक्षणी कळते. मधोमध सुमारे 210 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद असे हिरवे चौक-मैदान, त्यात एक तळे आणि 1755 साली बांधलेले नेपोमुकच्या संत योहानाचे छोटे प्रार्थनामंदिर. मैदानाच्या चहूबाजूंनी शेतकऱ्यांचे वाडे असून त्यांच्या त्रिकोणी दर्शनी भिंती मैदानाकडे तोंड करून आहेत. दोन दर्शनी भिंतींच्या मध्ये कमानीचा दरवाजा, आत अंगण, बाजूला गोठा आणि मागे धान्याचे कोठार अशी साधारण रचना आहे. वेठबिगारी संपून जमीन हाती आल्यावर शेतकऱ्यांकडे पैसा खेळू लागला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यात वेलबुट्टी, लाटांसारखी वळणे आणि बांधकामाचे साल उमटवून घेतले. बरोक ही युरोपातील सतराव्या-अठराव्या शतकांतली नक्षीदार वास्तुशैली शहरांत केव्हाच मागे पडली होती. गावच्या गवंड्यांनी ती आपल्या पद्धतीने जिवंत ठेवली, म्हणून तिला ‘शेतकरी बरोक’ म्हणतात. माझ्या मते या गावाचे खरे वैभव हेच आहे, कारण ते सरदाराने नव्हे, तर राबणाऱ्यांनी आपल्या कमाईतून उभे केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातील जर्मन लोकांना देशाबाहेर घालवण्यात आले आणि होलाशोवित्सेतील बरेच वाडे रिकामे पडले. पिढ्यान्‌पिढ्या येथे राबलेल्या कुटुंबांवर ओढवलेली ही आपत्ती होती, हे गावाच्या देखणेपणाचे कौतुक करताना विसरू नये. पुढील दशकांत इतर गावांत जुनी घरे पाडून नवी बांधली गेली; येथे मात्र दुरुस्ती करायलाही फारसे कोणी नसल्याने मोडतोडही झाली नाही. 1990 नंतर वाड्यांची नीट डागडुजी सुरू झाली आणि त्यांत पुन्हा माणसे राहू लागली. आज प्रशासकीयदृष्ट्या हे गाव यान्कोव्ह या ग्रामपालिकेत मोडते आणि दर उन्हाळ्यात मैदानावर शेतकरी उत्सव भरतो, तेव्हा कारागीर तेथे आपल्या वस्तू मांडतात.